कानात कोमट तेल आणि चाळीस वर्षांचा माग

आधी हिशेब, कमी ऐकू येतं म्हणून केलेल्या खर्चाचा. ऑनलाइन मागवलेले ‘नैसर्गिक’ कानाचे थेंब आणि सोबत कॅप्सूल, मिळून २,४९९ रुपये. इचलकरंजीतल्याच एका वैद्य बाईंकडे कर्णपूरण, म्हणजे कानात कोमट तेल भरायचा उपचार, सात दिवस, रोजचे २५० म्हणजे १,७५०. थेंबांना शून्य तारे. वैद्य बाईंना पाचपैकी चार, पण ते कशाचे हे वाचल्याशिवाय कुणी धावत सुटू नका.

मी जॉबर, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करून चालते ठेवणारा, वय ६६. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली गावात पहिला यंत्रमाग बसवला आणि तेव्हापासून इथं कुणी हळू बोललेलं नाही, असं मी गमतीनं म्हणतो. शेडमध्ये मागाचा धोटा, आडवा धागा नेणारा, आपटायला लागला की शेजारच्याचं बोलणं ओठ आणि हात बघूनच समजून घ्यायचं. त्या सवयीमुळं कान गेलाय हे मलाच कित्येक वर्षं कळलं नाही. माणूस समोर असला की सगळं ‘ऐकू’ यायचं. नात फोनवर बोलायला लागली तेव्हा पितळ उघडं पडलं. ती विचारतेय, “आजोबा, कधी येणार?” आणि मी आपला “हां हां, शहाणी माझी ती.”

मग थेंब मागवले. जाहिरातीत २१ दिवसांचा वायदा होता. बाटलीवर लसूण, तुळस, कापूर अशी नावं, प्रमाण कुठंच नाही. वास थेट फोडणीचा, सौ. म्हणाली, आता मोहरी तेवढी टाका. दहाव्या दिवशी डावा कान गच्च झाला. फोन केला तर पलीकडचा पोरगा म्हणतो, “सर, घाण बाहेर पडतेय, कोर्स अर्धवट सोडू नका,” आणि लगेच दुसरी बाटली सवलतीत गळ्यात मारायला बघतो.

वैद्य बाईंनी पहिल्या दिवशी तेलाला हातच लावला नाही. कानात बॅटरी धरून बघितलं, कान वाहतो का, पडद्याला कधी भोक होतं का, विचारलं. म्हणाल्या, “काका, आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून मळ काढून या. पडदा दिसल्याशिवाय मी तेल घालणार नाही.” डॉक्टरांनी हरभऱ्याएवढा काळा गोळा काढून दाखवला. थेंबांनी मळ फुगून बूच बसलं होतं. बाहेर आलो तर रिक्षाच्या हॉर्ननं दचकलो. इतक्या दिवसांत खरा फरक पडला तो तेवढाच.

तिथंच ऑडिओमेट्रीही, म्हणजे ऐकण्याची तपासणी, केली. खालचे सूर ठीक, पण ४,००० हर्ट्झपाशी, म्हणजे वरच्या सुरांत, आलेखाची रेघ खड्ड्यात, ६० डेसिबलवर. स, श यांसारखी अक्षरं या वरच्या पट्टीत राहतात, म्हणून ‘साखर संपली’ मला ‘भाकर संपली’ ऐकू यायचं आणि त्यावरून घरात वाद. कानाच्या आतल्या शंखात केसासारख्या बारीक पेशी असतात, एकेका कानात पंधरा-सोळा हजार. वयानं मरतात, गोंगाटानं त्याहून लवकर. कोंबडीच्या कानात त्या परत उगवतात म्हणे, माणसाच्या नाही. लसूण घाला नाहीतर कस्तुरी.

आता कर्णपूरण. कुशीवर झोपवतात. कानामागून जबड्यापर्यंत तेल चोळून गरम कपड्यानं शेकतात. मग वाटीतलं तिळाचं तेल स्वतःच्या मनगटावर टाकून बघतात आणि कोमट धार सोडतात. कान भरत येतो तसा बाहेरचा रस्ता लांब जातो, स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येतो. बाई कानाचं मूळ चोळत शंभर आकडे मोजतात, मग कापसानं टिपून कूस बदलायची. तिसऱ्या दिवशी मी चक्क घोरलो. कानातली कोरडी खाज गेली, जबडा मोकळा झाला. सात दिवसांनी पुन्हा तपासणी केली, तर रेघ होती तिथंच. बाईंनी हे आधीच सांगितलं होतं, म्हणून राग नाही. एक तारा कापला तो दाराबाहेरच्या ‘बहिरेपणावर रामबाण’ या पाटीसाठी. पाटी रंगवणाऱ्यानं परस्पर लिहिलं म्हणतात. मग पुसा की!

राहिलेला कान सांभाळणं एवढंच हातात आहे. ८५ डेसिबलच्या गोंगाटात आठ तास चालतात, पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. आमच्या शेडमध्ये मुलानं मोबाइलवर मोजलं तर ९७ च्या आसपास. म्हणजे अर्धा तास, आणि आमची पाळी बारा तासांची. फोमची बुचं आणून वाटली. एक जण घालतो, बाकीच्यांच्या खिशात. कापूसकाडी मात्र घरातून हद्दपार केली, ती मळ आतच ढकलते. रक्तातली साखर ताब्यात ठेवायला डॉक्टरांनी बजावलंय, तिचा त्रास कानालाही होतो.

श्रवणयंत्र सोमवारी लावून बघायचंय. तोवर सौ. स्वयंपाकघराच्या दारातून मागाच्याच भाषेत विचारते. तीही लग्नाआधी शेडमध्ये कांडीवर सूत भरायची. अंगठा ओठाला लावते, भुवया वर. मी मान हलवतो, चहा येतो.