आर-१५ की क्लासिक ३५०? मागे कोण बसणार, ते आधी ठरवा

यामाहा आर-१५ आणि रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० या दोन्ही गाड्यांची सध्याची पिढी २०२१ च्या सप्टेंबरमध्येच बाजारात आली. किमतीही एकमेकींच्या फार लांब नाहीत. त्यामुळे पहिली मोठी गाडी घेणारा माणूस हमखास या दोघींमध्ये अडकतो. घरातली चर्चा मग सीसीवर जाते: एक १५५, दुसरी ३४९, म्हणजे दुसरी दुप्पट दमदार. इथेच हिशेब चुकतो.

ताकदीचे आकडे शेजारी ठेवून बघा. आर-१५ ची १८.४ पीएस, क्लासिकची २०.२ बीएचपी (दोन्ही एककं जवळपास सारखीच). हा फरक रस्त्यावर जाणवण्याइतका नाही. ही ताकद मिळते कुठे, यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. आर-१५ ला तिची पूर्ण ताकद १०,००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) सापडते, क्लासिकला ६,१०० लाच. टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, बघितला तर आर-१५ चा १४.२ न्यूटन-मीटर आणि तोही ७,५०० ला, क्लासिकचा २७ न्यूटन-मीटर, ४,००० ला. म्हणून क्लासिक वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात, डबलसीट असतानाही कुरकुर न करता ओढते. त्याच जागी आर-१५ ला एक-दोन गिअर खाली टाकावे लागतात. पण ७,४०० च्या पुढे तिची इंजिनाला जास्त हवा देणारी व्हॉल्व्हची दुसरी कॅम लागू झाली की आवाज बदलतो, गाडी सुटते, आणि तो आनंद क्लासिक कधीच देऊ शकत नाही.

वजनाचं गणित तर सगळी समजूत उलटी करतं. आर-१५ साधारण १४२ किलो, क्लासिक १९५. ५० किलोंहून जास्त फरक! सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतारावरून गाडी मागे घेताना, दोन गाड्यांच्या फटीतून बाहेर काढताना, सिग्नलला एक पाय टेकवून उभं राहताना हे वजन रोज हातापायांना कळतं. कागदावर आर-१५ ची सीट ८१५ मिमी उंच आहे आणि क्लासिकची ८०५. तरी बुटक्या माणसाला आर-१५ घाबरवत नाही, कारण तिची सीट पुढे निमुळती आहे आणि गाडी हलकी आहे. अर्थात तिचं क्लिप-ऑन (खाली बसवलेलं, दोन तुकड्यांचं) हँडल फार वळत नाही, त्यामुळे अरुंद बोळात यू-टर्न मारताना आर-१५ दोनदा मागेपुढे करावी लागते. क्लासिक जड असूनही तिथे सहज फिरते.

आता बसण्याबद्दल. आर-१५ वर अंग पुढे झुकतं, पाय मागे जातात आणि धडाचा भार मनगटांवर येतो. वेगात वारा छातीला थोडा आधार देतो म्हणून ते खपून जातं. शहरातल्या रांगत्या ट्रॅफिकमध्ये वारा नसतो, मग सगळं मनगटं आणि मान सहन करतात. खड्डा आला की तोही आधी मनगटालाच कळतो. विशीतल्या माणसाला याचं काही वाटत नाही. ज्याला मानेचा किंवा कंबरेचा त्रास आहे त्याला मात्र पहिल्या आठवड्यातच वाटेल. क्लासिकवर पाठ सरळ, हँडल हाताशी, पाय नैसर्गिक जागी. जुन्या क्लासिकची ती प्रसिद्ध थरथर नव्या इंजिनात थरथर मारणाऱ्या बॅलन्सर शाफ्टमुळे जवळपास गेली आहे, त्यामुळे ७०-८० च्या वेगाने तासन्‌तास जाता येतं. शंभरच्या पुढे मात्र तिच्याकडून अपेक्षा ठेवू नका. तिथे आर-१५ च्या सहाव्या गिअरमध्ये अजून बराच दम शिल्लक असतो.

पण माझ्या मते निर्णय करायचा तो मागच्या सीटवर. आर-१५ ची मागची सीट उंच, छोटी आणि पुढे उतरती. धरायला नीट कडी नाही. ब्रेक मारला की मागचा माणूस पुढच्याच्या पाठीवर येतो. कॉलेजच्या मित्राला ही गंमत वाटेल. आईला वाटणार नाही. आपल्याकडे किती बायका साडी नेसून, दोन्ही पाय एका बाजूला टाकून, मांडीवर पिशवी किंवा लेकरू घेऊन बसतात! आर-१५ वर असं बसणं जवळपास अशक्य आहे, आणि कुणी बसलंच तर ते धोक्याचं आहे. गाडी घेताना घरात कोणी हे बोलत नाही. मुलगा हौसेने गाडी आणतो, आणि मग आईला दवाखान्यात न्यायचं तर रिक्षा बोलवावी लागते. मला हे मनापासून खटकतं. घरात एकच गाडी असणार असेल आणि आठवड्यातून एकदा जरी कोणी मोठं माणूस मागे बसणार असेल, तर प्रश्न संपला. क्लासिक घ्या. तिची सीट रुंद आहे, मागच्या माणसाचे पाय नीट टेकतात. आठवड्याचा बाजार असो की गावाकडून आणलेलं तांदळाचं पोतं, बांधायला जागा मिळते.

मागे कोणी नसेल तर मात्र चित्र पूर्ण पालटतं. मग आर-१५ ला ‘हौसेची गाडी’ म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. पैशाच्या बाबतीत ‘कामाची गाडी’ खरं तर तीच आहे. अ‍ॅव्हरेज ती नीट चालवली तर ४५ ते ५० देते, क्लासिक ३२ ते ३७. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर क्लासिकला सात-आठ लिटर पेट्रोल जास्त लागतं, आणि पेट्रोल शंभरीच्या वर असताना वर्षाला ती रक्कम नऊ-दहा हजारांच्या घरात जाते. टाकी आर-१५ ची ११ लिटर, क्लासिकची १३. तरीही एका टाकीत जास्त लांब जाते आर-१५ च. जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला तो २२ सप्टेंबर २०२५ पासून, आणि ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांना तो लागू असल्याने फायदा दोघींना झाला. थर्ड पार्टी विम्यातही १५० ते ३५० सीसी हा एकच गट आहे, म्हणजे तिथे दोघींचा हप्ता सारखाच. आर-१५ चा खर्च वाढतो तो पडल्यावर. उभी असताना नुसती आडवी झाली तरी फेअरिंगचं (गाडीभोवतीच्या आवरणाचं) प्लॅस्टिक तडकतं. क्लासिकच्या पत्र्याला फार तर पोचा पडतो.

क्लासिकची एक अडचण शोरूममध्ये कोणी आपणहून सांगत नाही. तिच्या बहुतेक मॉडेलना तारांची चाकं आणि ट्यूबवाले टायर असतात. मागचं चाक पंक्चर झालं की ते खोलावं लागतं. वरंध घाटात संध्याकाळी असं झालं तर काय, याचा विचार आधीच करा. एकट्याने लांब फिरायचं असेल तर अलॉय चाकांचं ट्यूबलेस मॉडेल घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी. आर-१५ ला ट्यूबलेसच येतात. सेकंडहँड क्लासिक बघत असाल तर आणखी एक तपासा: या पिढीच्या सुरुवातीच्या सर्वांत स्वस्त मॉडेलला मागे ड्रम ब्रेक आणि फक्त पुढच्या चाकाला एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) होतं. दोन्ही चाकांना एबीएस असलेलीच घ्या.

‘पण हायवेला वेग लागतो ना?’ असं विचारणाऱ्यांसाठी: मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, अटल सेतूवरही आहे. आपल्याला जायचंय ते जुन्या हायवेने, खोपोली-खंडाळ्यातून. चौपदरी महामार्गावर दुचाकीला मर्यादा ८० ची. म्हणजे आर-१५ च्या शेवटच्या तीस-चाळीसच्या वेगाला आपल्या रस्त्यांवर जागाच नाही. तिची खरी मजा सरळ रस्त्यावर नसून वळणांत आहे. पसरणी, आंबेनळी, ताम्हिणी अशा घाटांत, रस्ता कोरडा आणि चांगला असताना, ती ज्या विश्वासाने वळणात शिरते तो या किमतीत दुसरीकडे सहज मिळत नाही. गाडी नीट चालवायला शिकायचं असेल, ब्रेक, गिअर आणि नजर यांचा मेळ बसवायचा असेल, तर तिच्यासारखी शिक्षिका नाही. कोकणातल्या पावसाळी, उखडलेल्या रस्त्यावर मात्र मी क्लासिकच निवडेन.

क्लासिक आवडते पण वजन झेपत नाही, अशांनी त्याच इंजिनाची हंटर ३५० जरूर बघावी. १८१ किलोंची आहे, चाकं १७ इंची, शहरात बरीच चपळ. मागची सीट क्लासिकइतकी ऐसपैस नाही, पण आर-१५ पेक्षा कितीतरी बरी.

टेस्ट राइडला शोरूमभोवती एक चक्कर मारून परत येऊ नका. अर्धा तास मागा, आणि तोही संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी. रोजची ऑफिसची बॅग पाठीवर असू द्या. घरातलं जे माणूस खरोखर मागे बसणार आहे त्याला सोबत न्या, परत आल्यावर आधी त्याला विचारा. आणि चावी देण्याआधी, इंजिन बंद ठेवून, गाडी एकदा स्वतः ढकलत चढावर न्या.