आत राहायचं की नकार द्यायचा: प्लांक आणि क्रायर

एप्रिल १९३३मध्ये नाझी सरकारने कायदा करून ज्यू प्राध्यापकांना नोकरीतून काढायला सुरुवात केली. नामवंत भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लांक तेव्हा कैसर विल्हेल्म सोसायटी या जर्मनीतल्या मोठ्या संशोधन संस्थेचे अध्यक्ष होते. ते पदावर राहिले. ज्यू वंशाचे रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांच्यासारख्यांची बाजू मांडायला थेट हिटलरला भेटले, हाती काहीच लागलं नाही. १९३५मध्ये प्राध्यापकांना हजर राहण्याची बंदी असूनही त्यांनी हाबरची स्मृतिसभा घेतली, हे धाडस खरंच. पण त्यांच्यासारख्या माणसाच्या नावामुळे राजवटीलाही प्रतिष्ठा मिळत राहिली.

ओटो क्रायर हा तरुण औषधशास्त्रज्ञ, स्वतः ज्यू नव्हता. हकालपट्टी झालेल्या ज्यू प्राध्यापकाची ड्युसेलडॉर्फमधली खुर्ची त्याला देऊ केली गेली. त्याने मंत्रालयाला लेखी कळवलं की ही हकालपट्टी अन्याय आहे, म्हणून ती जागा नको. जर्मन विद्यापीठांचे दरवाजे त्याला बंद झाले. पुढे तो हार्वर्डला गेला.

क्रायरच्या नकाराने कुणाची नोकरी वाचली नाही, हे मान्य. तरी मला त्याचाच मार्ग सरस वाटतो. प्लांकना रोज नवी तडजोड करावी लागली. आणि रिकाम्या केलेल्या खुर्च्यांवर बसायला माणसं मिळाली नसती, तर तो कायदा राबवणं सरकारला जड गेलं असतं.