व्हेरिकोसील: आधी शस्त्रक्रिया की थेट आयव्हीएफ?

लग्नाला तीन वर्षं झाली तरी मूल नाही, म्हणून आमच्याकडे तपासण्या सुरू झाल्या त्या बायकोपासून. रक्ताच्या झाल्या, सोनोग्राफी झाली, गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते बघणारा तो दुखरा एक्स-रेही झाला. माझी वीर्यतपासणी पहिल्याच आठवड्यात उरकता आली असती. ती झाली आठ महिन्यांनी. शुक्रजंतू मिलिलिटरला ९० लाख निघाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या निकषात खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आहे. डॉक्टरांनी उभं करून हाताने तपासलं आणि सांगितलं, डाव्या बाजूला व्हेरिकोसील आहे. ते आठ महिने अजून मनाला लागतात, म्हणून हे लिहितोय.

व्हेरिकोसील म्हणजे वृषणातून रक्त वर नेणाऱ्या शिरा फुगणं. पायांवर व्हेरिकोज व्हेन्स येतात, तसंच हे. डावीकडची शीर लांब असते आणि मूत्रपिंडाच्या शिरेला जवळजवळ काटकोनात मिळते, म्हणून हा त्रास बहुतेकांना डावीकडेच होतो. शुक्रजंतू बनायला शरीरापेक्षा २-३ अंश कमी तापमान लागतं. साचलेल्या रक्तामुळे तिथली उष्णता वाढते आणि शुक्रजंतूंची संख्या, हालचाल, आतला डीएनए, सगळ्यांवर परिणाम होतो. पण शंभरातल्या साधारण पंधरा पुरुषांना व्हेरिकोसील असतं आणि त्यांतल्या अनेकांना मुलं सहज होतात. मूल न होणाऱ्या पुरुषांत मात्र हे प्रमाण ३५ ते ४० टक्क्यांवर जातं.

म्हणून पहिला प्रश्न असा की, तुमच्या शिरा हाताला लागतात, की फक्त डॉप्लर सोनोग्राफीत (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) दिसल्या? फक्त डॉप्लरवर सापडलेल्या व्हेरिकोसीलचं ऑपरेशन करून गर्भधारणेला फायदा होत नाही. तिथे कुणी घाईने टेबलावर घेत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. वीर्यतपासणीही एका रिपोर्टवर सोडू नका. काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा करा, आणि दर वेळी आधीचे २ ते ७ दिवस वीर्यस्खलन टाळा. नुकताच ताप येऊन गेला असेल तरी आकडा घसरतो. फुगलेल्या शिरा गोळ्यांनी आक्रसत नाहीत, त्यामुळे वर्षभर चूर्णं आणि कॅप्सूल घेत बसण्यात गेलेला काळ परत मिळत नाही.

शिरा हाताला लागतात आणि दोन्ही रिपोर्ट कमी आहेत, असं असेल तर खरी निवड समोर येते.

शस्त्रक्रियेनंतर सुमारे तिघांपैकी दोघांचा रिपोर्ट सुधारतो आणि साधारण एक तृतीयांश जोडप्यांना पुढच्या वर्षभरात नैसर्गिकरीत्या दिवस राहतात. पण त्यासाठी थांबावं लागतं. शुक्रजंतू तयार व्हायला जवळपास अडीच महिने लागतात, म्हणून तीन महिन्यांच्या आत तपासणी करून उपयोग नाही. सुधारणा सहा महिने, कधी त्याहून पुढेही चालू राहते. आयव्हीएफमध्ये गर्भ प्रयोगशाळेत तयार करतात; त्यातल्या आयसीएसआय या प्रकारात शुक्रजंतू थेट बीजात सोडतात, म्हणून एका स्त्रीबीजाला एक शुक्रजंतू पुरतो. त्यामुळे कमी आकड्यावरही वाट लगेच मोकळी होते. मात्र खर्च दर प्रयत्नाला नव्याने येतो. आणि दोष नवऱ्यात असून दहा-बारा दिवस इंजेक्शनं घेते ती बायको, बीज काढायला भूल घेते तीही बायकोच. निवड करताना हे विसरू नये.

माझं मत सरळ आहे: कॅलेंडर बायकोच्या वयाचं बघा. तिशीच्या आत-बाहेर असेल आणि तिचे रिपोर्ट चांगले असतील, तर आधी ऑपरेशन. त्याने मूल नैसर्गिकरीत्या होऊ शकतं. नाहीतर निदान आयसीएसआयऐवजी आययूआयवर (वीर्य थेट गर्भाशयात सोडण्यावर) भागण्याची शक्यता वाढते. पस्तिशी ओलांडली असेल किंवा एएमएच (बीजांचा साठा किती उरलाय ते सांगणारी रक्ततपासणी) खाली गेलं असेल, तर सहा-नऊ महिने थांबणं महागात पडतं. तिथे आयव्हीएफचा विचार आधी. गर्भनलिका बंद असतील तर प्रश्नच मिटला, थेट आयव्हीएफ. वीर्यात शुक्रजंतू अजिबात नसतील, तर मात्र आधी पुरुषवंध्यत्वाच्या तज्ज्ञाला दाखवा.

शस्त्रक्रियेतही फरक आहे. मायक्रोस्कोपखाली जांघेत छोटा छेद घेऊन शिरा एकेक बांधतात. धमनी आणि लसवाहिन्या (लिम्फ वाहून नेणाऱ्या नळ्या) नीट दिसतात, म्हणून त्या वाचतात. पुन्हा व्हेरिकोसील होणं आणि वृषणाभोवती पाणी साचणं, दोन्ही यात सर्वांत कमी, सुमारे एक टक्का. लॅप्रोस्कोपीत, म्हणजे पोटातून दुर्बिणीने केलेल्या ऑपरेशनमध्ये, पूर्ण भूल लागते; दोन्ही बाजू त्याच छिद्रांतून होतात, पण पाणी साचण्याचं आणि पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण जास्त. एम्बोलायझेशनमध्ये मानेतून किंवा जांघेतून बारीक नळी घालून शीर कॉइलने (धातूच्या बारीक वेटोळ्याने) बंद करतात. टाके नाहीत, एक-दोन दिवसांत कामावर जाता येतं, पाणी साचत नाही. पण उजव्या बाजूला नळी पोचणं अवघड जातं आणि हे करणारे रेडिओलॉजिस्ट मोठ्या शहरांतच भेटतात. मी मायक्रोस्कोप निवडला. सर्जनला थेट विचारा, तुम्ही स्वतः मायक्रोस्कोप वापरता का आणि महिन्याला किती करता? हा प्रश्न विचारायला संकोच नको.

नुसत्या दुखण्यासाठी घाई नसते. आधी लंगोट किंवा घट्ट आधार आणि साध्या वेदनाशामक गोळ्या. सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत अडकलेल्या मुलांचा हिशोब वेगळा. त्यांना ठरलेल्या मुदतीत ऑपरेशन करावंच लागतं. आणि व्हेरिकोसील फक्त उजवीकडे असेल, अचानक आलं असेल किंवा आडवं झाल्यावरही शिरा उतरत नसतील, तर आधी पोटाची तपासणी, कारण मूत्रपिंडाजवळची गाठ शीर दाबत असू शकते.

माझा आकडा सहाव्या महिन्यात २ कोटी १० लाखांवर गेला. त्याच दिवशी ऑपरेशन झालेल्या शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांचा जागचा हलला नाही. त्यांनी ऑपरेशनआधीच बायकोशी ठरवून ठेवलं होतं, सहा महिन्यांत फरक पडला नाही तर आयव्हीएफ. सातव्या महिन्यात ते दोघं केंद्रात होते.