कपाळावरची की गळ्यातली? रात्रीच्या उड्डाणासाठी टॉर्च निवडताना

फ्लाइंग शिकायला अमेरिकेला निघालेली आपली मुलं हेडसेट कुठला घ्यायचा यावर महिनाभर काथ्याकूट करतात आणि टॉर्च मात्र आदल्या संध्याकाळी दिसेल त्या दुकानातून उचलतात. मी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. राजगड, हरिश्चंद्रगडाच्या रात्रीच्या ट्रेकना वापरलेली हेडटॉर्च सामानात होतीच. फिनिक्सच्या डिअर व्हॅली विमानतळावर माझं रात्रीचं फ्लाइंग तिच्यावरच सुरू झालं. पुढे तिच्या जोडीला गळ्यात अडकवायची, बोटाएवढी टॉर्च आली. दोन्हींशी संसार करून झाल्यावर हे लिहितोय.

नियमाचं आधी उरकून टाकतो. सेस्ना 172, म्हणजे आम्ही शिकतो ते छोटं विमान, खाजगी म्हणून उडवताना अमेरिकी नियमांत टॉर्चची सक्ती नाही. मोठ्या आणि बहुइंजिनी टर्बाइन विमानांना आहे, आणि तिथे शब्द आहेत ‘दोन डी सेलची किंवा तिच्या तोडीची’. डी सेल म्हणजे आजोबा रात्री पिकाला पाणी द्यायला जाताना न्यायचे त्या बॅटरीतले जाडे सेल. पण सक्ती नसली तरी एफएएचं, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाचं, हँडबुक प्रत्येक रात्रीच्या उड्डाणात टॉर्च जवळ ठेवायला सांगतं आणि इन्स्ट्रक्टर तिच्याशिवाय विमानाला हात लावू देत नाही. परत येऊन भारतीय सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, करायचं असेल तर रात्रीचे किमान 5 तास आणि 10 टेकऑफ-लँडिंग लागतातच, तेव्हा ही वस्तू चार दिवसांची नाही.

प्रीफ्लाइटमध्ये, म्हणजे उड्डाणाआधीच्या तपासणीत, हेडटॉर्चला तोड नाही, हे मोकळ्या मनाने मान्य. 172 च्या एस मॉडेलला इंधन तपासायच्या 13 जागा आहेत: दोन्ही पंखांखाली पाच-पाच आणि नाकाखाली तीन. एका हातात इंधनाचा नमुना घ्यायचा कप धरून पंखाखाली वाकायचं, खालून वर दाबायचं, मग कप उजेडात धरून तळाशी पाणी किंवा कचरा आहे का बघायचं. शिवाय 100 एलएल, म्हणजे या विमानाचं पेट्रोल, निळसर असतं आणि तो निळा रंग पांढऱ्या उजेडातच कळतो. अंधाराला सरावलेले डोळे दिपू नयेत म्हणून कॉकपिटमध्ये लाल उजेड वापरतात, पण त्यात निळं काय नि रंगहीन काय, सारखंच. नंतर स्ट्रटवर, म्हणजे पंखाला आधार देणाऱ्या दांडीवर, पाय देऊन टाकीत इंधन मोजायची डिपस्टिक घालताना तर दोन्ही हात गुंतलेले असतात. गळ्यातली टॉर्च अशा वेळी लोलकासारखी हलते आणि उजेड टाकीत सोडून सगळीकडे पडतो.

दार लावून आत बसलं की मात्र चित्र पालटतं.

माझ्या हेडटॉर्चला एकच बटण आहे. एकदा दाबलं की पूर्ण पांढरा, दुसऱ्यांदा मंद पांढरा, तिसऱ्यांदा लाल. आणि बंद केली की बाई सगळं विसरते, पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे लाल हवा असेल तर वाट पांढऱ्यातूनच. घरात बसून हे वाचताना क्षुल्लक वाटेल.

एका रात्री आम्ही फिनिक्सहून प्रेस्कॉट या गावी चाललो होतो. फिनिक्सचे दिवे मागे पडले की खाली नुसता काळोख, मध्येच एखादी गाडी. अंधाराला डोळे नीट सरावायला अर्धा तास लागतो, तो होत आला होता. गुडघ्यावरच्या कागदावर लिहून ठेवलेली रेडिओची फ्रिक्वेन्सी बघायला मी कपाळाकडे हात नेला आणि बटण दाबलं. कॉकपिटमध्ये वीज पडल्यासारखा उजेड झाला. समोरच्या काचेत काय दिसलं? मी. हेडसेट घातलेला, तोंड उघडं पडलेला. प्रेस्कॉट कुठे गेलं पत्ता नाही. शेजारी इन्स्ट्रक्टरने डोळ्यांवर हात धरून विचारलं, “फोटो चांगला आला का?” मग लाल यायला अजून दोनदा दाबायचं होतं, ते दाबायची हिंमत झाली नाही. पुढचा बराच वेळ बाहेर बघण्याचं काम त्यांनीच केलं, तेही एका डोळ्याने. तो एक त्यांनी वेळेत मिटला होता म्हणून.

लालचं वेगळं बटण असलेल्या हेडटॉर्च मिळतात, हे मला ठाऊक आहे. तशी तुमच्याकडे असेल तर माझा निम्मा आक्षेप गळून पडतो. उरलेला निम्मा असा की डोकं जिकडे, उजेड तिकडे. आपण आत दोन सेकंद बघतो आणि बाहेर दहा. ते दहा सेकंद दिवा काचेवर आपटत राहतो. बोलायला शेजारी वळलात की तो थेट समोरच्याच्या डोळ्यांत. त्यात हेडसेटच्या पट्टीखाली हेडटॉर्चचा पट्टा, तासाभराने कपाळावर वळ. ट्रेकला हे काहीच जाणवत नाही, हेही खरं.

गळ्यातली टॉर्च याउलट अगदी साधी. पांढऱ्याचं बटण शेपटाला, लालचं बाजूला. चाचपूनसुद्धा चूक होत नाही. उचलायची, हवं तेवढंच बघायचं, सोडून द्यायची. तिचाही जाच आहे: एक हात अडकतो. दोरी लांब ठेवली तर खांद्याच्या पट्ट्यात गुंतते. दातांत धरायचा प्रयोग मी केला आहे. माइक मध्ये येतो, जिभेला धातूची चव लागते आणि नेमकं तेव्हाच टॉवरवाले हाक मारतात.

लाल उजेडाचाही फार गाजावाजा नको. चार्टवर, म्हणजे वैमानिकांच्या नकाशावर, कंट्रोल टॉवर नसलेले विमानतळ किरमिजी रंगात छापलेले असतात. विकेनबर्ग, गिला बेंड ही त्यातलीच. लाल उजेडात त्या खुणा फिकट होत जवळजवळ नाहीशी होतात. माझी गंमत याहून वरची. चेकलिस्टवर महत्त्वाच्या गोष्टी मी हौसेने लाल पेनाने लिहिल्या होत्या. लाल टॉर्चखाली कागद कोरा! आता मी काळ्या पेनाने लिहितो आणि अगदी मंद पांढराही चालवून घेतो. आयपॅडचा ब्राइटनेस पुरता खाली आणायचं विसरलात तर टॉर्चच्या रंगावरची ही सगळी चर्चा फुकट आहे, ते निराळंच.

माइकच्या दांडीवर बसणारा, ओठाने दाबायचा दिवाही असतो. दोन्ही हात मोकळे, उजेड नेमका मांडीवर. मित्राचा दोनदा वापरला. बोलता बोलता तो लागायचा नि विझायचा, त्यामुळे मन रमलं नाही. ज्यांना जमतं ते त्याची शपथ घेतात, त्यांना मी खोटं म्हणणार नाही.

सेलबद्दल एवढंच की बारीक ट्रिपल ए सेल अमेरिकेत कुठल्याही पेट्रोल पंपावर मिळतात, चार्जिंगची केबल नेमकी खोलीवर राहते. बॅगेत टॉर्च आपोआप लागू नये म्हणून मागच्या टोपीचे आटे थोडे सैल करून ठेवा, किंवा घरी करतो तसा एक सेल उलटा घाला. मात्र विमानात बसण्याआधी सुलटा करा. आणि शेपटाला लोहचुंबक असलेली टॉर्च घेऊ नका. डॅशबोर्डवर ठेवली की होकायंत्र तिच्याकडे मान वळवतं.

एकच घ्यायची असेल तर मी गळ्यातली सुचवेन. प्रीफ्लाइटला पाच मिनिटं जास्त लागतील, लागू देत. दोन परवडत असतील तर हेडटॉर्चही असू द्या. माझी आहे अजून. तेरावा कप बघून झाला की ती कपाळावरून निघते आणि मागच्या सीटवरच्या बॅगेत जाते, हात पोचणार नाही इतकी मागे.