रेडिएशननंतर ऑक्सिजन थेरपी घेताय? आधी मशीनचा दाब विचारा

माझ्या सासूबाईंचा (त्यांना मी आत्या म्हणते) गर्भाशयमुखाचा कॅन्सर रेडिएशनने बरा झाला, पण काही वर्षांनी लघवीतून रक्त जायला लागलं. डॉक्टरांनी दुर्बिणीतून तपासलं. रेडिएशनमुळे मूत्राशयाच्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्यात, हायपरबेरिक ऑक्सिजनचा, म्हणजे बंद चेंबरमध्ये जास्त दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेण्याचा, विचार करा, म्हणाले. कोल्हापुरातच एका सेंटरची जाहिरात दिसली. तिथे आम्हाला अक्षरशः लुबाडलं.

काउंटरवरच्या मॅडमनी 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या कॅन्सरवरच्या वैद्यकीय नियतकालिकातला २०१९ चा शोधनिबंध छापून हातात दिला. निबंध खरा आहे. याच त्रासावर युरोपातल्या हॉस्पिटलांत केलेला, आणि त्यात पेशंटना फायदाही झाला. पण तिथे दाब होता नेहमीच्या हवेच्या जवळजवळ अडीच पट, शुद्ध ऑक्सिजन, आणि ३० ते ४० सेशन्स. आमच्याकडून चाळीस सेशन्सचे पैसे आगाऊ घेतले आणि आत्यांना झोपवलं ते चेन लावायच्या, हवेनं फुगणाऱ्या कापडी पिशवीत! तिचा दाब जेमतेम १.३ पट. शेजारी एक कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र) घरघरत होता, त्याची नळी नाकाला.

"काय बी फरक न्हाई गं, नुसतं कान दडपल्यागत वाटतंय," आत्या म्हणायच्या. रक्त थांबलं नाहीच, उलट वाढलं. तेवढे दिवस खरे उपचार लांबले, याचा मला सगळ्यात जास्त संताप आहे.

आमच्या डॉक्टरांना पिशवीचा फोटो दाखवला, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. खरा चेंबर लोखंडी किंवा जाड ॲक्रिलिकचा असतो. आत जाण्यापूर्वी कान आणि छाती तपासतात. आगीच्या भीतीनं सुती कपडे घालायला लावतात; डोक्याला तेल नको, मोबाईल तर नाहीच. आत्या सिंथेटिक साडीत, मोबाईलवर भजनं ऐकत पडून असायच्या आणि कुणी हटकलं नाही. डॉक्टर म्हणून ज्यांचं नाव पाटीवर होतं, ते आम्हाला एकदाही दिसले नाहीत.

पैसे परत मागितल्यावर पावतीकडे बोट दाखवलं. तिच्यावर उपचाराचा शब्दच नाही, 'वेलनेस पॅकेज' लिहिलेलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची कागदपत्रं जमवतेय. तुमच्याही बाबतीत असं घडलं असेल तर पावती, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि त्या मशीनचा फोटो जपून ठेवा. पुढे त्यांनी जाहिरातच काढून टाकली, आमच्याकडे स्क्रीनशॉट होता म्हणून बरं.