ओरेगानो तेल, डोंगरचहा, फास्कोमिलो : ग्रीसमध्ये वर्षभर वापरून

ओरेगानो तेल म्हणजे पिझ्झावर टाकतात त्या ओरेगानोच्या पाल्याचं उग्र तेल, सर्दी-घशाला म्हणून लोक थेंब-थेंब घेतात. एवढं सांगून मी थेट बुचावर येते. हो, बुचावरच. 10 मिलीची बाटली, दहा युरोच्या वर किंमत, आणि थेंब पाडायला आत जे प्लॅस्टिकचं बूच बसवलंय त्यातून आधी काहीच येत नाही, बाटली हलवली की भसकन तीन-चार थेंब एकदम. लेबलवर म्हणे 2 थेंब पाण्यात घ्या.

आता ग्रीक रिगानीच्या (म्हणजे ओरेगानोच्याच) तेलात कार्वाक्रोल हे झोंबणारं द्रव्यच बरेचदा 60-80 टक्के असतं. आपल्या ओव्याच्या फुलाचा, म्हणजे थायमॉलचा, सख्खा भाऊच तो. ओव्याचं फूल जिभेवर ठेवून बघितलेल्यांना जास्त सांगायला नको. आणि पाण्यात घ्या म्हणजे काय, तेल पाण्यात मिसळतं का कधी? वर तरंगतं आणि पहिल्या घोटालाच सगळा थेंब घशाला जाऊन चिकटतो. तोंडाची आतली कातडी भाजते याने. त्वचेला लावायचं तरी ऑलिव्ह तेलात चांगलं पातळ करूनच. म्हणजे अशा मालाला मोजून थेंब देणारं बूच ही चैन नाही, सगळी सुरक्षितता त्यावरच आहे.

दुकानाला मेल केला. उत्तर आलं, बाटली हाताच्या उबेत धरा. परत केला तर म्हणे सील तुटलंय, पैसे परत मिळणार नाहीत. अरे बाबांनो, सील तोडल्याशिवाय बूच खराब आहे हे कळणार कसं? सध्या औषधाच्या ड्रॉपरने काढते आणि फक्त पायाला लावायला वापरते, तेही पातळ करून. प्यायचं बंद.

उलट डोंगरचहा (डोंगरावरच्या एका वनस्पतीच्या वाळलेल्या काड्या, इथे त्साइ तू वुनू म्हणतात) घेतला तेव्हा मला अगदीच फुळकवणी वाटला होता. मिस्टरांच्या शिपिंग कंपनीमुळे आम्ही अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरात, घरात आलं-गवती चहाची सवय, त्यात हे वाळलेल्या काड्यांचं पिवळं पाणी. शिवाय काड्या एवढ्या लांब की कुठल्याच गाळण्यात मावत नाहीत, मोडून टाकाव्या लागतात. पण हिवाळ्यात खोकला सुरू झाला आणि मत बदललं. पाच-सात मिनिटं उकळायचा, लिंबू, मध. कॅफिन नाही त्यामुळे रात्री प्यायला तरी झोप जात नाही. त्याच काड्या दुसऱ्यांदा उकळल्या तरी चव येते, तीन-चार युरोची जुडी महिनाभर पुरते, मला हेच जास्त आवडलं खरं सांगायचं तर.

युरोपच्या औषध संस्थेने सर्दीतला खोकला आणि किरकोळ पोटाच्या तक्रारीसाठी याला पारंपरिक वापराचा शिक्का दिलाय. पण हा शिक्का म्हणजे निदान 30 वर्षं लोक वापरतायत, त्यातली 15 युरोपियन युनियनमध्ये, आणि धोका दिसत नाही, एवढंच. क्लिनिकल ट्रायलमध्ये सिद्ध झालंय असा त्याचा अर्थ नाही, दुकानदार मात्र तसंच ऐकवतात. अठराच्या आतल्यांना देऊ नये असंही त्यातच आहे, ते कुणी सांगत नाही.

फास्कोमिलो म्हणजे इथला सेज, तुळशीच्या कुळातलाच एक सुगंधी पाला. शेजारच्या यायिया (आजी) घसा धरला की याच्याच गुळण्या करायला सांगतात, आणि गुळण्यांना खरंच बरं वाटतं. रोज कपावर कप प्यायला मात्र मी तयार नाही. सेजमध्ये थुजोन नावाचं द्रव्य असतं, जास्त झालं तर झटके येऊ शकतात, युरोपातली मर्यादा दिवसाला 6 मिलिग्रॅम. ग्रीसमधल्या तीन भागांच्या पानाच्या जातीत ते पुष्कळ कमी, बागेतल्या नेहमीच्या सेजमध्ये जास्त, आणि पुडीवर जात लिहिलेलीच नसते! गरोदरपणात नको, अंगावर पाजणाऱ्यांनी तर नकोच, कारण दूध आटवायला म्हणूनच बायका हा पीत आल्यात.

आठवडी बाजारात फ्लिस्कूनी नावाचा पुदिन्यासारखा पाला मिळतो, वास छान आहे, मी घेत नाही. त्यात पुलेगोन नावाचं द्रव्य असतं, यकृताला वाईट, आणि त्याचं तेल पोटात जाऊन माणसं दगावलेली आहेत. पाल्याचा एखादा कप म्हणजे तेलाची बाटली नव्हे हे मान्य, पण पुदिना असताना हवाय कशाला?

शेवटी मस्तिहा. खिओस बेटाच्या दक्षिणेकडच्या गावांतला डिंक, आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात रुमी मस्तगी म्हणून मिळतो तोच, म्हणजे तिथे भेसळ नसेल तर. जेवणानंतर पोट जड वाटलं की एक खडा चघळते, आधी कडू लागतो मग नरम होतो. महाग आहे, पण खडा मोजून घेता येतो, बूचच नाही त्याला. भारतात येताना चहा आणि हा आणीन, ज्यांना हवाय त्यांनी सांगा. तेल मात्र मागू नका.