जुन्या डेमोंची सीडी, हातकागदाचं पाकीट: सहा महिन्यांनंतर

सीडी पाकिटातून ओढताना होणारा खर्र आवाज अजूनही माझ्या अंगावर येतो. एका बँडच्या जुन्या डेमोंची, म्हणजे कच्च्या ध्वनिमुद्रणांची, ही सीडी पावसाळ्याआधी मागवली, आता दिवाळी होऊन गेली. आठवड्यातून दोनतीनदा लागते आणि दर वेळी तोच आवाज. ६०० रुपये मोजलेत. बँडचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार गाण्यांबद्दल नाहीच. नव्वदच्या दशकात पुण्यात ज्यांनी त्यांना ऐकलंय, त्यांच्याकडे ही सीडी बहुधा पोचलीच असेल. रद्दी आणि खोक्यांच्या लगद्याचं करडं पाकीट, त्यावर रबरी शिक्का, भोवती सुतळी. फोटो सगळ्यांनी पाहिलेत.

पाकीट देखणं आहे. लगद्यात मधूनच जुन्या छापील अक्षरांचा तुकडा दिसतो, आणि माझ्या व मित्राच्या प्रतीचा रंगसुद्धा एक नाही. पण सीडी सरकवायची फट इतकी घट्ट, की चकती दोन्ही अंगांनी घासते. बहुतेक जण चमकणारी बाजू जपतात. खरी नाजूक बाजू वरची, जिच्यावर नाव असतं. खालून लेझरला १.२ मिलिमीटर जाडीच्या पॉलिकार्बोनेटमधून आत पाहायचं असतं, त्यामुळे तिथला बारीक ओरखडा बऱ्याचदा खपून जातो, पॉलिशही करता येतो. वरच्या बाजूला मात्र धातूचा थर आणि त्यावर लॅकरचा पातळ पापुद्रा, बस. तो खरवडला की तेवढं गाणं कायमचं गेलं. ही सीडी तर बर्न केलेली आहे, म्हणजे नोंद झालेला रंगाचा थरही त्या धातूला लागूनच.

वर कागदाचा भुसा. पुण्यात हातकागद संस्था १९४० पासून सुती चिंध्यांचा कागद करते आहे. तो कागद हातात घेतलेल्याला फरक लगेच कळेल. सुताचे तंतू लांब, एकमेकांत घट्ट अडकतात. रद्दीचे तंतू प्रत्येक फेरीत आखूड होत जातात आणि नीट दाब वा खळ मिळाली नाही तर सुटे होऊन गळतात. माझ्या प्लेयरच्या ट्रेमध्ये करडी धूळ साचते ती याचीच.

सीडी काढणाऱ्यांना कळवलं. उत्तर आलं, हाताने केलेल्या वस्तूत एवढं चालायचंच. हे मला अजिबात पटलं नाही. हाताने करणारा माणूस प्रत्येक नग हाताळतो, त्याच्याकडून तर फट दोन मिलिमीटर रुंद ठेवण्याची जास्त अपेक्षा. पुन्हा लिहिलं तेव्हा त्यांनी नवी सीडी फुकट पाठवली, तशाच घट्ट पाकिटात.

तिथेच हे प्रकरण मिटवून सीडी कपाटात टाकणार होतो. मग एका रात्री हेडफोन लावून सगळी सलग ऐकली आणि माझं मत बरंच बदललं. मूळ टेपा चार ट्रॅकच्या पोर्टास्टुडिओवरच्या, म्हणजे साध्या कॅसेटवर चार आवाज वेगवेगळे भरणाऱ्या घरगुती मशीनवरच्या. त्यात चारही ट्रॅक एकाच दिशेने भरतात, कित्येक मॉडेलवर टेपही दुप्पट वेगाने फिरते. साध्या कॅसेट डेकवर लावल्या तर दोनच ट्रॅक ऐकू येतील, तेही संथ; बाजू उलटली की उरलेले दोन उलटे वाजतील. म्हणजे कोणीतरी चालू स्थितीतलं जुनं मशीन मिळवलं, टेप वाचणाऱ्या हेडचा कोन जुळवला, चारही ट्रॅक वेगळे उतरवले. टेपची सरसर तशीच ठेवली आहे. ती पुसायच्या नादात झांजा बोथट झाल्या असत्या. चौथ्या गाण्यात वीज जाते आणि शेवटच्या क्षणी आवाज खाली न घसरता वर चढून तुटतो, कारण भरताना टेप मंदावली होती आणि आपण ती पूर्ण वेगाने ऐकतो आहोत. हे कापलं नाही याबद्दल त्यांचे मनापासून आभार. एवढ्यावर माझे ६०० वसूल आहेत.

म्हणून तर पाकिटाचा राग जास्त येतो. ज्यांनी टेपेतला श्वाससुद्धा जपला, त्यांनीच ती चकती पॉलिश पेपरात कोंबावी?

पावसाळ्यात पाकीट दमट झालं, फट आणखी आवळली. एका कोपऱ्यात कसर लागली, कारण कडा पिठाच्या खळीने चिकटवल्या आहेत. तिथे दोऱ्याची शिवण हवी होती. मी ओल्या फडक्याने एक कड सोडवली, पाकिटाची उघडी घडी केली आणि सीडी पॉलिप्रोपिलीनच्या साध्या पाकिटात घालून आत ठेवली. ते पाकीट काही रुपयांना मिळतं. पीव्हीसीचं घेऊ नका, ते उष्णतेत चकतीला चिकटतं. ज्यांनी नुकतीच मागवली आहे त्यांनी आधी संगणकावर फ्लॅकमध्ये (आवाजातलं काही न गमावणारी फाइल) उतरवून घ्या, मग सुतळीचं कौतुक करा.

गाण्यांना पाचपैकी पाच, पाकिटाला दीड. दुसऱ्या भागाची नोंदणी सुरू झाली आहे. पाकीट बदललं का, एवढंच विचारून ठेवलंय; उत्तर आलं की पैसे भरतो.